पंचवीस डिसेंबरचा हॉल

पाहुणे यायला अजून अर्धा तास होता आणि कोराळ्यांच्या घरची चारही माणसं चर्चाच्या आत चार दिशांना तोंडं करून उभी होती.

मुरुम गावानं त्या इमारतीचं नवं नाव अजून तोंडात घेतलं नव्हतं. अक्षय्य तृतीयेला दारावर 'शिवगौरी मंगल कार्यालय' अशी पाटी चढली, त्यानंतर इथं तेवीस लग्नं लागली. पण पत्ता विचारला की लोक अजून 'चर्चात लग्न हाय' असंच सांगत. काळ्या दगडाच्या भिंती, वर छत पेलणाऱ्या सागवानी कैच्या, खाली शहाबादी फरशी आणि दारावरच्या दगडात कोरलेलं १९११. त्र्याण्णवच्या भूकंपात उत्तरेची भिंत वरपासून खालपर्यंत फाटली, आणि तेव्हापासून आत उपासना झाली नव्हती. आठ वर्षांपूर्वी बाहेरगावच्या ट्रस्टनं जागा विकायला काढली तेव्हा डाळमिलवाल्या शिवलिंगप्पा कोराळ्यांनी ती घेतली. त्यांच्या मुलानं, महांतेशनं, चुन्यात आणि लोखंडी पट्ट्यांत भिंत पुन्हा बांधून काढली. आणि सून गायत्री आता हॉल चालवत होती.

तिच्या हातात बुकिंगचं रजिस्टर होतं. डिसेंबरच्या पानावर पंचवीस तारखेसमोर तिनं मे महिन्यातच लाल शाईनं लिहून ठेवलं होतं : नाताळची उपासना, सकाळी आठ.

"अप्पा, एकदा शेवटचं विचारते," ती म्हणाली. "एस्तेरबाईंना काय सांगायचं?"

"सांगायचं की ह्या साली जमत न्हाय." तिचे सासरे, अप्पा, खिडकीतून बाहेर बघत होते. शहात्तराव्या वर्षीही त्यांची पाठ कैचीच्या लाकडासारखी ताठ होती. "म्या आण्णासाहेबांला हॉल दिलाय. त्यांच्या पोरीचं लग्न हाय. पुढल्या साली बघू."

"गावातली ख्रिस्ती माणसं आठ वर्षं थांबलीत. आधी भिंतीचं काम, मग छताचं. ह्या साली पहिल्यांदा आत बसता येणार आहे त्यांना. आणि शब्द तुम्ही दिला होता, ह्याच चौथऱ्यापाशी उभं राहून. 'नाताळची न् ईस्टरची सकाळ तुमची, आमचं घर हाय तोवर.' मी चहा घेऊन मागंच उभी होते."

"कागद हाय का त्याचा?"

गायत्रीनं रजिस्टर मिटलं. बावीस वर्षं ती ह्या घरात होती. शेकडो आडत्यांशी, शेतकऱ्यांशी अप्पांचे व्यवहार तिनं बघितले होते. हा प्रश्न लोक अप्पांना विचारायचे, आणि अप्पा हसून म्हणायचे, माणूस समोर असताना कागद कशाला. आज तोच प्रश्न त्यांनी विचारला होता.

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. सकाळी चहाच्या वेळी महांतेशच म्हणाला होता, 'तू काळजी करू नको, अप्पांशी मी बोलतो.' आता तो एका खांबावरचा रंग नखानं खरवडत होता.

"अहो, बोला की."

"गायत्री, एका सालाचा तर प्रश्न आहे," महांतेश म्हणाला. "एस्तेरबाई समजूतदार आहेत. आण्णासाहेबांना दुखवून कसं चालेल? तूर कुणाकडनं येते आपली?"

"म्हणजे जो समजूतदार, त्यालाच थांबवायचं."

हॉलच्या दुसऱ्या टोकाला, चौथऱ्याच्या पायरीवर बसलेल्या महेश्वरीनं मान वर केली.

महेश्वरी अप्पांची धाकटी लेक. अक्कलकोटला दिलेली. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा तिचा चांगला धंदा होता. अप्पांनी तिला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. घरात काही वाद निघाला की ती अप्पांच्या बाजूनं उभी राहते आणि तिच्यापुढं कुणाचं काही चालत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. गायत्रीशी तिचं फारसं पटतही नव्हतं. एवढा मोठा हॉल भावजयीच्या हातात गेला, हे तिला लागलेलं होतं. बसमधून उतरतानाच तिनं ठरवलं होतं की वहिनीला चार गोष्टी सुनवायच्या.

पण आता तिच्या डोक्यात वेगळंच चालू झालं होतं. चर्चाच्या मागं पाळकांचं, म्हणजे पाद्र्यांचं, जुनं घर होतं. त्यातल्या दोन खोल्या अप्पांनी तिला द्यायचं कबूल केलं होतं. हॉलच्या लग्नांना भाकरी-चटणी तिनं पुरवायची, तिथंच चुली मांडायच्या, चार बाया कामाला ठेवायच्या. सगळं बोलून झालं होतं. नुसतं बोलून.

"अप्पा," ती म्हणाली, "माझ्या दोन खोल्यांचा कागद कुठं हाय?"

अप्पा वळले. "त्याचा इथं काय संबंध?"

"मला वाटलं विचारून घ्यावं. आज एस्तेरबाईंचा कागद विचारलात, उद्या माझा विचाराल."

"तू माझी लेक हायस, महेश्वरी. नाहक हुज्जत घालू नको."

"लेक हाय म्हणून तर भ्या वाटतं. एस्तेरबाईंच्या पाठीमागं गावातली अकरा घरं तरी हायत. माझ्या पाठीमागं कोण हाय?" ती उठली, पदर झटकला आणि सरळ चालत येऊन गायत्रीच्या शेजारी उभी राहिली. "वैनी बरोबर बोलाय लागल्यात."

गायत्रीनं तिच्याकडं बघितलं. बावीस वर्षांत वन्संच्या तोंडून हे वाक्य तिनं ऐकलं नव्हतं. तिला हसूही येईना आणि रडूही.

"अजून एक सांगायचं होतं, अप्पा," ती म्हणाली. "एस्तेरबाईंना मी अकरालाच यायला सांगितलंय. नाही म्हणायचं असेल तर तुमच्या तोंडानं म्हणा. मी निरोप पोचवणार नाही."

बाहेर गाडीची दारं वाजली. कळंबचे पाहुणे वेळेआधी आले होते.

*

आण्णासाहेब लोमटे दारातून आत आले आणि पहिल्यांदा छताकडंच बघत राहिले. कळंबच्या बाजारात धान्याची आडत चालवणारा माणूस. बोलणं मोठं, हात मोकळा. बरोबर बायको तुळजाबाई आणि लेक शिवांजली. नवरा मुलगा, कृष्णराज, उमरग्याचा. मुलाकडच्यांना लग्न जवळपास हवं होतं म्हणून आण्णासाहेबांनी अप्पांना फोन केला, आणि अप्पांनी तारीख ऐकून क्षणभर थांबून 'हॉल तुमचाच' असं सांगून टाकलं होतं.

तो क्षण अप्पांना आता पुन्हा पुन्हा आठवत होता. ते विसरले नव्हते. पंचवीस तारीख म्हटल्याबरोबर त्यांना एस्तेरबाई आठवली होती. पण त्याच क्षणी दुष्काळाचं ते साल पण आठवलं होतं. सगळ्या आडत्यांनी तूर लातूरकडं वळवली आणि आण्णासाहेबांचे ट्रक तेवढे मुरुमला येत राहिले. मिल त्यावर चालली. अशा माणसाला तोंडानं नाही म्हणायला त्यांची जीभ वळली नाही. आणि हे सुनेला, पोराला समजावून सांगायचं म्हणजे आपण कमी पडलो हे कबूल करायचं. त्यापेक्षा हुकूम सोडणं सोपं होतं.

"अप्पा, काय जागा केलीय!" आण्णासाहेब म्हणाले. "ह्या दगडाला हात लावला तर गार लागतोय. आमच्याकडं नुसते पत्र्याचे हॉल. शिवे, आवडलं का?"

"खूप," शिवांजली म्हणाली. तिनं मोबाईलवर खिडक्यांचे फोटो काढायला सुरुवातही केली होती.

महांतेशनं त्यांना सगळं हिंडून दाखवलं. जेवणाची जागा, गाड्या लावायची जागा, नवरीची खोली. पुन्हा सगळे मधोमध आले तेव्हा दाराशी एक बाई उभी होती.

एस्तेरबाई रणभिसे सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाली होती. मुरुमच्या निम्म्या लोकांना तिनं कधी ना कधी सुई टोचली होती. तिनं चपला पायरीच्या खाली काढल्या होत्या, पण उंबरा ओलांडला नव्हता.

"आत या की, बाई," गायत्री म्हणाली.

"नको. उपासनेच्या दिवशी येईन." एस्तेरबाईचा आवाज शांत होता. "तेवीस लग्नं झाली, सगळ्यांनी बोलावलं, म्या बाहेरच्या मांडवात जेवून गेले. बत्तीस सालांनी आत यायचं तर प्रार्थनेलाच यायचं, असं ठरवलंय."

महेश्वरी अप्पांकडं बघत होती. लहानपणापासून तिनं बापाचा चेहरा वाचला होता. आता त्यावर काहीच दिसत नव्हतं आणि तेच तिला भीतीचं वाटलं. अप्पा हॉलच्या ह्या टोकाकडून दाराकडं चालायला लागले. तेवढ्या लांबीत त्यांच्या वहाणांचा आवाज सोडला तर काही ऐकू येत नव्हतं.

ते दारात पोचले. काय बोलायचं ते त्यांनी तयार केलं होतं. ह्या साली जमत न्हाय, एवढंच.

पण एस्तेरबाई आधी बोलली. "बरं झालं अप्पा, तुमीच भेटलात. पाळकसाहेब उदगीरहून येणार हायत. एकोणऐंशी माणसं होतील. पोरं पुण्याहून, हैदराबादहून सुट्टी काढून येतायत. आमच्या बाकांतलं एक बाक शाळेत सापडलं, ते घासून पालिश केलंय. पहिलं ठेवायचं. त्यावर तुमी बसायचं."

"म्या?"

"तुमच्यामुळं भिंत उभी हाय. तुमी न्हाय तर कोण बसंल?"

अप्पांनी दाराच्या दगडाला हात टेकला. त्यांच्या मागं आण्णासाहेब उभे होते, समोर ही बाई. दोघंही त्यांच्यावर विसंबलेले. इतकी वर्षं बाजारात काढली, पण असं दोन्हीकडून अडकल्याचं त्यांना आठवेना. आणि अडकवलं कुणी, तर त्यांनी स्वतःच.

ते वळले.

"आण्णासाहेब," ते म्हणाले, "माझं चुकलं."

महांतेशला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"पंचवीसची सकाळ म्या आठ सालापूर्वी ह्या बाईला दिलेली हाय. ध्यानात असून तुमाला पण दिली. तुमाला न्हाय म्हणवलं न्हाय म्हणून. आता सांगतो. सकाळ ह्यांची हाय. दुपार तुमची."

आण्णासाहेबांचा चेहरा उतरला. "अप्पा, पत्रिका छापायला गेल्यात. सोयऱ्यांला आवतनं गेली. मुलाकडच्यांला काय सांगू म्या?"

"मुहूर्त कितीचा आहे?" गायत्रीनं विचारलं.

"बारा पस्तीस."

"उपासना आठला. साडेनऊला संपते. तीन तास राहतात."

"तीन तासांत डेकोरेशन लावतात का, ताई? ते आदल्या दिवशी लागतं. फुलं, झालरी, स्टेज. ते सगळं सकाळी काढायचं का पुन्हा? न्हाय जमायचं. अप्पा, तुमी मला फोनवरच सांगायला पायजे होतं."

"व्हय," अप्पा म्हणाले. "फोनवरच सांगायला पायजे होतं."

आण्णासाहेब खिशातली गाडीची किल्ली हातात घेऊन उभे राहिले. ते निघाले असते. महेश्वरीला तर ते निघालेलेच दिसले. आणि त्यांच्याबरोबर मिलची तूर, अप्पांचा मान, वहिनीचं घरातलं स्थान, सगळंच दाराबाहेर चाललेलं दिसलं. मग आतापर्यंत गप्प असलेल्या तुळजाबाई पुढं झाल्या आणि नवऱ्याला ओलांडून दाराशी गेल्या.

"बाई," त्यांनी एस्तेरबाईला विचारलं, "तुमाला झेंडूचं काही वावडं हाय का?"

"झेंडूचं? न्हाय बा. आमी क्रेप कागदाच्या पताका लावतो दरसाली. फुलं कुठली परवडायला?"

"मग आमची फुलं राहू द्या. आदल्या दिवशी लागतील. तुमी त्यातच बसा. हालवायचं कशाला?"

एस्तेरबाईनं आत नजर टाकली. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बघितलं. "स्टेज कुठं?"

"त्या चौथऱ्यावर," गायत्री म्हणाली.

"तिथं आमची वेदी हुती. पाळकसाहेब तिथं उभे राहतील. पण स्टेजवर नवरा-नवरीच्या मोठाल्या खुर्च्या असतात न्हवं?"

"खुर्च्या मागून येतील, अकराला," महेश्वरी मध्येच बोलली. "आणि नावाचा बोर्ड असतो त्यावर पांढरा पडदा टाकायचा. तुमचं झालं की वढायचा. म्या करते ते. एवढ्यासाठी काय तारीख बदलायची?"

"खुर्च्या भाड्यानं आणायची गरज न्हाय," तुळजाबाई म्हणाल्या. "आमच्या सहाशे खुर्च्या मांडलेल्या असतील. तुमची माणसं पहिल्या चार रांगांत बसतील."

तिघी-चौघी बायका दाराशी उभ्या राहून मोजमापाचं बोलू लागल्या. एस्तेरबाई उंबऱ्याच्या बाहेर, बाकीच्या आत. पेटी कुठं ठेवायची, तबला कुठं, म्हातारी माणसं येतील त्यांच्यासाठी पायरीला फळी लावायची का. शिवांजली मोबाईलवर सगळं टिपून घेत होती. तिघे पुरुष बाजूला तसेच उभे राहिले. त्यांना कुणी काही विचारत नव्हतं.

बऱ्याच वेळानं आण्णासाहेबांनी किल्ली खिशात टाकली.

"अप्पा, तीस सालं झाली आपल्या वळखीला. 'माझं चुकलं' असं तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं."

"दुसऱ्यांदा म्हणायची पाळी आणू नका," अप्पा म्हणाले.

आण्णासाहेब हसले, पण पुरते हसले नाहीत. चहा घेऊन निघताना ते अप्पांच्या पाया पडले, दरवेळीसारखे; गळाभेट मात्र घेतली नाही. अप्पांनी ते बघितलं.

गाडी गेल्यावर ते महेश्वरीला म्हणाले, "सोमवारी वकिलाकडं जाऊ. तुझ्या खोल्यांचा कागद करून टाकू. आणि एस्तेरबाईंच्या सकाळींचा पण."

"वैनी, तुमीपण चला," महेश्वरी म्हणाली. "अप्पांनी इचार बदलला तर मला एकटीला आवरायचं न्हाय."

*

पंचवीस तारखेला पाळकसाहेबांची गाडी निलंग्याजवळ बंद पडली.

आठची उपासना दहाला सुरू झाली. एस्तेरबाई बत्तीस वर्षांनी उंबरा ओलांडून आत आली. झेंडूच्या माळांखालून चालत पहिल्या रांगेपर्यंत गेली आणि बसताना तिनं हातानं फरशीला स्पर्श केला. पालिश केलेल्या बाकावर अप्पा धुतल्या धोतरात, कपाळाला विभूती लावून बसले होते. पडद्यामागं बोर्ड होता. महेश्वरी पडद्याची दोरी धरून मागं उभी होती, आणि बाजूच्या दारातून गायत्री घड्याळ बघत होती.

अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. आणि मग चौकाच्या बाजूनं हलगीचा आवाज आला.

महांतेश रस्त्यावर होता. नवरदेवाचा परण्या, लग्नाआधीची त्याची वरात, मारुतीच्या पाया पडून निघाला होता आणि अर्धा तास लवकर निघाला होता. पुढं हलगीवाले, मग बँजो, मग नाचणारी पोरं, मागं घोड्यावर कृष्णराज. आणखी शंभर पावलं पुढं आले असते तर आतला एक शब्द कुणाला ऐकू गेला नसता. थांबवायला पाहिजे, हे महांतेशला कळत होतं. पण उमरग्याची माणसं, नवरदेवाचे मामे, नाचायला आलेली पोरं. त्यांच्यासमोर जाऊन हात वर करायचं त्याच्यानं होईना. तो फाटकाच्या खांबाशी उभा राहिला.

त्याच्या शेजारून अप्पा गेले.

गायत्रीनं आत जाऊन कानात सांगितलं असणार. अप्पा रस्त्याच्या मधोमध चालत गेले आणि हलगीवाल्यांच्या समोर उभे राहून दोन्ही हात वर केले. वाजणं एकेक करून थांबलं. बँजो सगळ्यात शेवटी.

"काय झालं, अप्पा?" नवरदेवाचा मामा घाबरून पुढं आला. "काय अशुभ झालं का?"

"काय बी झालं न्हाय. आत प्रार्थना चालू हाय. थोडं थांबा."

"अहो, पण मुहूर्त!"

"मुहूर्त बारा पस्तीसचा हाय. म्या पत्रिका वाचलीय." अप्पांनी मागं न बघता हाक मारली, "महांतेश! घोडा धर."

महांतेश धावत गेला आणि त्यानं लगाम धरला. घोडा उन्हानं आणि आवाजानं बिथरलेला होता. त्यानं त्याच्या मानेवर हात ठेवला. वरून कृष्णराज वाकून म्हणाला, "मी उतरू का?"

"बसा. बसा तुमी," महांतेश म्हणाला, आणि आपला आवाज आपल्यालाच खणखणीत वाटला.

नाचणारी पोरं कुरकुरत होती. कुणीतरी मागून ओरडलं, "वाजवा रे!" एका हलगीवाल्यानं टिपरी उचललीही. तेवढ्यात फाटकातून आण्णासाहेब बाहेर आले. गुलाबी फेटा, नवा कोट, मुलीच्या बापाची सगळी धांदल अंगावर. ते सरळ चालत आले आणि अप्पांच्या खांद्याला खांदा लावून रस्त्यात उभे राहिले.

"कुणी वाजवायचं न्हाय," ते म्हणाले. "म्या मुलीचा बाप सांगतोय."

दीडशे माणसं रस्त्यात उभी होती आणि आतून गाणं ऐकू येत होतं. पेटी, तबला आणि ऐंशीएक गळे. काही म्हातारे, काही पुण्या-हैदराबादच्या पोरांचे. सूर काळ्या भिंतींना लागून उघड्या खिडक्यांतून बाहेर येत होता. नवरदेवाच्या मामानं नकळत डोक्यावरचा फेटा नीट केला. अप्पा डोळे मिटून उभे होते. आण्णासाहेबांचा हात त्यांच्या पाठीवर कधी आला, ते महांतेशला दिसलं नाही. बघितलं तेव्हा तो तिथं होता.

गाणं संपलं. थोड्या वेळानं दारातून माणसं बाहेर येऊ लागली, नव्या साड्या, इस्त्रीचे शर्ट, कडेवर लेकरं. रस्त्यात थांबलेली वरात बघून ती बावरली. मग कुणीतरी नवरदेवाला हात केला, आणि घोड्यावरून कृष्णराजनं पण केला. सगळ्यांत शेवटी एस्तेरबाई आली. तिचे डोळे लाल झाले होते. तिनं अप्पांकडं बघून मान हलवली.

अप्पा हलगीवाल्यांकडं वळले.

"हां, आता वाजवा," ते म्हणाले. "आणि एवढा वेळ थांबलाय, तर जरा दणक्यात."